घरातील बिनतारी जोडणी : निदान आणि उपचार

(केंद्र शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शिक्षकाच्या कामाचा पुष्कळसा भाग अलीकडे त्याच्या घरी होतो. शाळेत ‘रेंज’ मिळत नाही, म्हणून पटावरील मुलांची माहिती रात्री घरी बसून भरावयाची, हा अनुभव खेड्यातील शिक्षकास नवा नाही. २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. पुढे यू-डायस प्लसवर एकेका विद्यार्थ्याची नोंद होऊ लागली. आणि पूर्वी लोखंडी कपाटात कुलूपबंद राहणारे जनरल रजिस्टर शिक्षकाच्या घरातील लॅपटॉपवर येऊन बसले. त्या लॅपटॉपास बाहेरच्या जगाशी जोडणारा धागा म्हणजे घरातील बिनतारी जोडणी. तिलाच सर्वत्र वायफाय म्हणतात.

हा धागा डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे तो तुटला म्हणजे नेमका कोठे तुटला, हेही दिसत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ह्या जोडणीच्या एका विशिष्ट बिघाडापुरता आहे. राउटर चालू असतो, जोडणीचे नाव दिसत असते, परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, अगदी बरोबर असतो. तरीही फोन किंवा लॅपटॉप जोडला जात नाही. पुष्कळ वेळा ह्याचे कारण एवढेच असते की, दोन्ही बाजूंची सुरक्षापद्धती जुळत नाही. हा बिघाड दुरुस्त करणे अवघड नाही. परंतु तो घाईने दुरुस्त करण्याचा एक मार्ग असा आहे की, त्यापेक्षा बिघाड बरा म्हणावे लागते.

एका घरातील प्रकार

एका खेड्यात द्विशिक्षकी शाळा होती. पतिपत्नी दोघेही तेथेच शिक्षक. गाव त्यांना गुरुजी आणि बाई म्हणे. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री वीज कडाडली आणि त्यांच्या घरातील राउटर जळाला. दोन दिवसांनी केबलवाला नवा राउटर बसवून गेला. गुरुजींना त्रास पडू नये म्हणून त्याने जोडणीचे नाव जुनेच ठेवले आणि परवलीचा शब्दही जुनाच ठेवला. बाईंचा फोन नवा होता. तो लागलीच जोडला गेला. गुरुजींचा लॅपटॉप मात्र बारा-तेरा वर्षांचा जुना. त्याच्या पडद्यावर अशा अर्थाचा संदेश आला की, ह्या जोडणीसाठी संगणकात जपून ठेवलेली मांडणी जोडणीच्या अपेक्षांशी जुळत नाही. शाळेच्या जुन्या टॅबलेटवर नाव दिसे, पण तोही जोडला जात नसे.

विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची मुदत चार दिवसांवर आली होती. गुरुजींनी परवलीचा शब्द एकदा, दोनदा, दहादा टंकला. उत्तर तेच. अखेर शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आला. तो गुरुजींचाच जुना विद्यार्थी.

“गुरुजी, कशाला डोकं फोडून घेता? पासवर्डच काढून टाकू. सगळं लगेच चालेल,” तो म्हणाला.

त्याने जोडणीचे नाव बदलले, परवलीचा शब्द काढून टाकला. आणि खरोखरच लॅपटॉप व टॅबलेट दोन्ही तत्काळ जोडले गेले. गुरुजींनी त्यास शाबासकी दिली आणि ते कामास लागले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जोडणी अतिशय मंद चालू लागली. बाईंनी फोनवरून राउटरचे पान उघडले आणि जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली.

“अहो, आपल्या घरात वस्तू तीन. मग ही नऊ नावं कोणाची?”

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांच्या ध्यानात वेगळीच गोष्ट आली होती. लॅपटॉपवरील एक फोल्डर टॅबलेटवरूनही उघडता यावा म्हणून त्यांनी तो ‘घरातील सर्वांसाठी’ मोकळा ठेवला होता. त्यात ४७ मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे फोन आणि आधार क्रमांक होते. जोडणीस कुलूप होते तोवर ‘घरातील सर्व’ ह्या शब्दांचा अर्थ त्या घरातील तीन वस्तू एवढाच होता. कुलूप निघाल्यावर त्याच शब्दांत पारावर फोन घेऊन बसलेला कोणीही येऊ शकत होता. गुरुजींनी तो फोल्डर त्याच क्षणी बंद केला. मधल्या तीन दिवसांत ती यादी कोणी पाहिली की नाही, हे त्यांना पुढेही कधी कळले नाही.

कुलूप आणि त्याची रीत

बाईंनी ह्यावर काय उपाय केला, ते समजण्यासाठी ह्या कुलपाची रीत आधी समजून घेतली पाहिजे.

राउटर दर सेकंदास सुमारे दहा वेळा आपल्या नावाची दवंडी हवेत पिटत असतो. त्या दवंडीत केवळ नाव नसते. आपणास कोणती सुरक्षापद्धती मान्य आहे, हेही तो जाहीर करतो. फोन किंवा लॅपटॉप ती दवंडी ऐकतो, स्वतःस येणाऱ्या पद्धतींशी ती ताडून पाहतो आणि दोघांनाही येणारी पद्धती आढळली तरच पुढे पाऊल टाकतो.

परवलीचा शब्द हवेतून उघडा पाठविला जात नाही. घरोघरी रूढ असलेल्या डब्ल्यू.पी.ए.-२ ह्या पद्धतीत परवलीचा शब्द आणि जोडणीचे नाव ह्या दोहोंवर ४,०९६ फेऱ्यांची गणिती क्रिया होऊन एक किल्ली तयार होते. ही किल्ली राउटर आणि फोन आपापल्या ठिकाणी स्वतंत्रपणे तयार करतात. नंतर चार संदेशांची देवघेव होते आणि किल्ली प्रत्यक्ष न दाखविता, ती आपणाजवळ आहे, अशी एकमेकांची खात्री पटविली जाते.

वर्गातील उदाहरण घ्यावयाचे तर, दोन विद्यार्थ्यांच्या कानात ७ ही एकच संख्या सांगितली. एकाने तिची दुप्पट केली. त्याचे उत्तर १४ आले. दुसऱ्याने तिचा वर्ग केला. त्याचे उत्तर ४९ आले. संख्या दोघांनाही बरोबर ठाऊक होती, तरी उत्तरे जुळली नाहीत. दोष संख्येचा नव्हे, रीतीचा. अशा वेळी ती संख्या पुन्हापुन्हा कानात सांगून काय उपयोग? परवलीचा शब्द दहादा टंकणारे गुरुजी नेमके हेच करीत होते.

दुसरी गोष्ट उपकरणाच्या स्मरणाची. एखादे उपकरण एकदा जोडले गेले म्हणजे ते जोडणीचे नाव, परवलीचा शब्द आणि सुरक्षापद्धती ह्या तिन्ही गोष्टी पाठ करून ठेवते. पुढे राउटर बदलला, पद्धती बदलली, पण नाव मात्र तेच राहिले, तर उपकरण आपले जुने पाठांतरच म्हणून दाखविते. उदाहरणातील आकडे बदलले तरी पुस्तकातील उत्तर लिहून मोकळा होणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला आहे. केबलवाल्याने सोयीसाठी नाव जुनेच ठेवले, त्यामुळे गुरुजींच्या लॅपटॉपचे नेमके असेच झाले होते.

पद्धतींची परंपरा

ह्या पद्धती एकामागून एक का आल्या, हे ठाऊक असले म्हणजे राउटरच्या पानावरील यादीतून कोणती निवडावयाची, ह्याविषयी संशय राहत नाही.

पहिली पद्धती १९९७ सालची डब्ल्यू.ई.पी. ‘तारेच्या तोडीची गोपनीयता’ असा तिच्या नावाचा अर्थ. हे नाव तिला फार काळ शोभले नाही. २००१ साली फ्लूरर, मँटिन आणि शमीर ह्या संशोधकांनी तिच्यातील मूळचा दोष दाखवून दिला. २००७ साली जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी तिची किल्ली एका मिनिटाच्या आत शोधून काढता येते, असे दाखविले. हे कुलूप दिसावयास कुलूप आहे, इतकेच.

२००३ साली डब्ल्यू.पी.ए. ही पद्धती आली. जुनी यंत्रे टाकून न देता तीच वापरता यावीत, अशा बेताने तिची टी.के.आय.पी. ही रीत योजलेली होती. ती तात्पुरती डागडुजी होती आणि तिच्यातही पुढे उणिवा आढळल्या.

२००४ साली डब्ल्यू.पी.ए.-२ आली. तिच्या मुळाशी ए.ई.एस. ही गूढलेखनाची रीत आहे. बेल्जियममधील योन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन ह्या दोघांनी ती रचली, आणि २००१ साली अमेरिकन शासनाने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. मार्च २००६ पासून वायफाय अलायन्स ह्या संस्थेचे प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रत्येक नव्या उपकरणास ही पद्धती येणे आवश्यक ठरले. २०१७ साली माथी वानहूफ ह्या संशोधकाने तिच्या संदेशांच्या देवघेवीतील एक उणीव दाखविली. ती उपकरणांच्या सुधारित आवृत्त्यांनी भरून काढण्यात आली. फोन ‘अपडेट’ मागतो तेव्हा ते टाळीत बसू नये, ह्याचे हे एक कारण.

२०१८ साली डब्ल्यू.पी.ए.-३ आली. जुलै २०२० पासून प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांस ती आवश्यक झाली. आधीच्या पद्धतीत कोणी संदेशांची देवघेव टिपून घेतली, तर घरी बसून हवे तितके अंदाज करीत परवलीचा शब्द शोधण्याचा यत्न करता येत असे. ही वाट नव्या पद्धतीने बंद केली.

येथेच अडचणीचे मूळ आहे. जुन्या उपकरणास नवी पद्धती येत नाही. मोडी न शिकलेल्या माणसापुढे मोडीतील पत्र ठेवले, तर भाषा मराठी असूनही त्यास ते वाचता येत नाही. २०१२ सालच्या लॅपटॉपपुढे केवळ डब्ल्यू.पी.ए.-३ बोलणारा राउटर ठेवणे हे तसेच आहे.

बाईंनी केलेले निदान

बाईंचा एक परिपाठ होता. मुलाचे वजाबाकीचे उदाहरण चुकले म्हणजे ‘चूक’ असा शेरा मारून त्या थांबत नसत. चूक हातच्याची आहे, स्थानमानाची आहे, की आकडा उतरवून घेण्याची आहे, हे त्या निदानात्मक चाचणीने ठरवीत आणि मगच उपचारात्मक अध्यापनास हात घालीत. रविवारी सकाळी त्यांनी हीच रीत राउटरला लावली.

“त्या दिवशी त्यानं नक्की काय काय बदललं?” त्यांनी प्रथम विचारले.

“नाव बदललं आणि कुलूप काढलं,” गुरुजी म्हणाले.

“म्हणजे दोन औषधं एकदम दिली. मग गुण कोणत्या औषधाचा, हे कसं कळायचं?”

त्यांनी राउटरच्या पानावरील सारी मांडणी एका वहीत उतरवून घेतली आणि एका वेळी एकच बदल करावयाचा, असे ठरविले.

पहिल्या चाचणीत नवे नाव तसेच ठेवून त्यांनी कुलूप पुन्हा लावले. केबलवाल्याने जी पद्धती निवडली होती, तीच निवडली. ती होती केवळ डब्ल्यू.पी.ए.-३. सर्वांत नवी ती सर्वांत चांगली, असा त्याचा विचार असावा. बदल होताच फोन तुटला; परवलीचा शब्द दिल्यावर पुन्हा जोडला गेला. लॅपटॉप आणि टॅबलेट मात्र जोडले गेले नाहीत. नाव नवे होते, म्हणजे जुन्या पाठांतराचा येथे प्रश्नच नव्हता. तरीही नकार आला. ह्यावरून ठरले की, ह्या दोघांस ही पद्धतीच येत नाही.

दुसऱ्या चाचणीत त्यांनी केवळ पद्धती बदलली. यादीत डब्ल्यू.पी.ए.-२ आणि डब्ल्यू.पी.ए.-३ अशी संमिश्र निवड होती. ती करताच तिन्ही उपकरणे परवलीच्या शब्दासह जोडली गेली. कुलूप शाबूत राहिले आणि काम झाले.

येथे थांबता आले असते. परंतु लॅपटॉपवरील त्या संदेशाचा उलगडा झाला नव्हता. म्हणून तिसऱ्या चाचणीत त्यांनी जोडणीचे जुने नाव पुन्हा दिले. फोन व टॅबलेट जोडले गेले. लॅपटॉपने पुन्हा तोच संदेश दाखविला. पद्धती आता त्यास येणारी होती, तरीही तो अडला. कारण त्या नावाशी त्याने जळालेल्या राउटरची जुनी टी.के.आय.पी. रीत पाठ करून ठेवली होती. बाईंनी लॅपटॉपमध्ये जपलेल्या जोडण्यांच्या यादीतून ते नाव काढून टाकले, यादीतून नव्याने निवडले, परवलीचा शब्द एकदाच टंकला. लॅपटॉप जोडला गेला.

सारे काम पाऊण तासात आटोपले. टॅबलेटचा आजार एक होता, लॅपटॉपचे दोन होते. आणि ह्यांपैकी एकाही आजारास कुलूप काढण्याचे औषध नको होते. शेजारच्या मुलाला त्या दिवशी यश आले, ते नाव बदलल्यामुळे पाठांतर निरुपयोगी झाले आणि कुलूपच नसल्यामुळे पद्धतीचा प्रश्न उरला नाही, म्हणून. यश आले की कारणही सापडले, असे समजणे ही वर्गात होणारी चूक घरीही होते.

निदानाच्या पायऱ्या

ज्या शिक्षकाच्या घरी असा प्रसंग येईल, त्याने पुढील क्रमाने जावे.

१. बिघाडाचा प्रकार ओळखावा. उपकरण जोडलेले दिसते पण काहीच उघडत नाही, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या तारेचा. तेथे केबलवाल्यासच बोलवावे. जोडणीचे नावच दिसत नाही, तर ती ५ गिगाहर्ट्‌झवर असण्याचा संभव आहे. पुष्कळ जुन्या उपकरणांस केवळ २.४ गिगाहर्ट्‌झ ऐकू येते. नाव दिसते पण प्रवेश मिळत नाही, तरच पुढे जावे.

२. परवलीचा शब्द एकदा नीट तपासावा. टंकताना तो दिसावा म्हणून डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवावे. फोनवर मराठी कळफलक चालू असेल, तर अंक देवनागरीत उमटतात आणि शब्द चुकतो. कळफलक इंग्रजी करावा. मोठी व लहान लिपी, शून्य आणि ‘ओ’ हे अक्षर, ह्यांकडे लक्ष द्यावे. डब्ल्यू.पी.ए. आणि डब्ल्यू.पी.ए.-२ पद्धतींत हा शब्द ८ ते ६३ चिन्हांचा असतो. शब्द बरोबर आहे अशी खात्री झाली, की तो पुन्हा टंकीत बसू नये.

३. उपकरणास जुने पाठांतर विसरावयास लावावे. फोनवर जोडणीच्या नावावर बोट दाबून धरले किंवा त्याशेजारील चिन्ह उघडले, म्हणजे ‘विसरा’ अशा अर्थाची आज्ञा मिळते. लॅपटॉपमध्ये जपलेल्या जोडण्यांची यादी असते. तीतून नाव काढावे. नंतर नव्याने जोडावे. पुष्कळ बिघाड येथेच संपतात.

४. ह्यानेही भागले नाही, तर राउटरचे पान उघडावे. जे उपकरण जोडलेले आहे, त्यावरून किंवा राउटरला तार लावलेल्या लॅपटॉपवरून हे करता येते. राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो इंग्रजी आकड्यांत टंकावा. ह्या पानाचा परवलीचा शब्द निराळा असतो; तोही बहुधा त्याच कागदावर असतो. काहीही बदलण्यापूर्वी आहे ती मांडणी वहीत उतरवावी अथवा तिचे छायाचित्र घ्यावे.

५. बिनतारी विभागातील सुरक्षापद्धती पाहावी. केवळ डब्ल्यू.पी.ए.-३ असेल, तर डब्ल्यू.पी.ए.-२ आणि ३ ची संमिश्र निवड करावी. एखादे उपकरण संमिश्र पद्धतीतही अडले, तर केवळ डब्ल्यू.पी.ए.-२ आणि तीही ए.ई.एस. रीतीची ठेवावी. ह्याच्या खाली उतरू नये. जुन्या राउटरवर डब्ल्यू.ई.पी. अथवा टी.के.आय.पी. चालू असेल, तर ती बदलावी. त्यामुळे वेगही वाढतो. कारण ह्या जुन्या रीती चालू असताना २००९ नंतरच्या मानकांची उपकरणेही सेकंदास ५४ मेगाबिटांच्या पलीकडे जात नाहीत.

६. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर प्रत्येक उपकरण तपासावे. बदल होताच फोन क्षणभर तुटतो. त्याने घाबरून जाऊ नये.

७. एखादे उपकरण इतके जुने असेल की त्यास डब्ल्यू.पी.ए.-२ देखील येत नाही, तर त्या एकासाठी साऱ्या घराचे कुलूप कच्चे करू नये. त्यास राउटरपासून तार लावावी, किंवा यूएसबीच्या खाचेत बसणारा छोटा बिनतारी जोड आणून लावावा.

एक सूचना आवर्जून करावयाची ती अशी की, राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रातील कळ टाचणीने दाबू नये. तिने केबलवाल्याने भरलेली मांडणीदेखील पुसली जाते, आणि मग तो येईपर्यंत काहीच चालत नाही.

कुलूप का काढू नये

खेड्यात कोण येतो चोरी करावयास, असा प्रश्न कोणी विचारील. शेजाऱ्याने थोडे इंटरनेट वापरले तर बिघडले कोठे, असेही कोणी म्हणेल. शेजारधर्म चांगलाच आहे. परंतु उघड्या जोडणीत कोण शेजारी आणि कोण परका, हे राउटरला कळत नाही.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे एक धमकीचा ई-मेल गेला. त्याचा माग काढीत तपास नव्या मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचला. त्या घरातील वायफायला कुलूप नव्हते, आणि तिचा वापर घरातील माणसांच्या नकळत झाला होता. ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्याच दारात पोलीस प्रथम येतात. २००९ साली दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी इंटरनेट पुरविणाऱ्यांस सूचना दिल्या.

ह्याचा अर्थ उघड्या जोडणीवरून जाणारे प्रत्येक अक्षर कोणीही वाचू शकतो, असा नव्हे. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी कुलपाचे चिन्ह असते, तेथे भरलेली माहिती निराळ्या आवरणात जाते. परंतु घरातल्या घरात मोकळा ठेवलेला फोल्डर, राउटरचे स्वतःचे पान, त्यावरील कधीच न बदललेला परवलीचा शब्द, ह्यांस ते आवरण नसते. बाईंनी म्हणूनच त्या रविवारी आणखी एक काम केले. राउटरच्या पानाचा मूळचा परवलीचा शब्द बदलला. कारण त्या तीन दिवसांत तो कोणीही उघडून पाहू शकला असता.

आणि शिक्षकाचे घर हे इतर घरांसारखे नाही. व्यापाऱ्याच्या लॅपटॉपवर त्याचा स्वतःचा हिशेब असतो. शिक्षकाच्या लॅपटॉपवर दुसऱ्यांची मुले असतात. त्यांच्या पालकांनी जन्मतारीख आणि आधार क्रमांक शाळेत दिला, तो गुरुजींवर भरवसा ठेवून दिला. हे क्रमांक कोठे ठेवले जातात, हे त्यांनी विचारले नाही. कारण शाळेच्या कपाटाला कुलूप असते, हे त्यांनी पाहिलेले आहे.

समारोप

पुढच्या आठवड्यात गुरुजींनी शेजारच्या मुलास बोलावले. त्यास रागे भरले नाहीत. कारण कुलूप काढण्यास संमती त्यांनी स्वतःच दिली होती. बाईंची वही त्याच्यापुढे ठेवून ते म्हणाले, “अरे, तू केलंस ते चाललं खरं. पण का चाललं, ते इथं लिहिलं आहे. वाच.” मुलाने ती तीन चाचण्यांची नोंद वाचली, थोडा विचार केला आणि म्हणाला, “गुरुजी, आमच्याही घरी पासवर्ड काढूनच ठेवला आहे.” त्याच संध्याकाळी त्याने तो पुन्हा लावला.

त्या घरात राउटरजवळच्या भिंतीवर आता एक कागद चिकटविलेला असतो. त्यावर राउटर बसविल्याची तारीख, निवडलेली सुरक्षापद्धती आणि कोणकोणती उपकरणे जोडली आहेत, ह्यांची नोंद असते. परवलीचा शब्द त्यावर नसतो. तो बाईंच्या वहीत असतो. पुढे वीज पडली, राउटर बदलला, केबलवाला नवा आला, तरी शोध पहिल्यापासून करावा लागणार नाही.

प्रत्येक शिक्षकाने येत्या रविवारी तीन गोष्टी कराव्यात. राउटरचे पान उघडून आपली सुरक्षापद्धती कोणती, ते पाहावे. जोडलेल्या उपकरणांची यादी मोजावी आणि ती घरातील वस्तूंशी जुळते की नाही, ते पाहावे. आणि विद्यार्थ्यांची माहिती असलेला एखादा फोल्डर ‘सर्वांसाठी’ मोकळा राहिला असेल, तर तो बंद करावा. ह्यांस अर्धा तास पुरतो. नोंद करण्यास एक जुनी वही पुरे होईल.